खरडून गेलेलं रान

“फावडं सोड, आज्जा.”

“न्हाई.”

“पाय घसरला तर जाशील नदीत. मग तुला हुडकायला कर्नाटकात येऊ का मी?”

“येऊ नको. तू घरला जा. मला काम हाय.”

एकाच फावड्याला धरून आम्ही दोघं चिखलात उभे होतो. आज्जाच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण त्या सकाळी दांड्यावरची त्याची पकड मला सुटेना. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, टोपी कुठंतरी पडलेली. तो कधी उठला आणि एकटा रानात कधी आला, घरात कुणालाच कळलं नव्हतं.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. आता एकोणीस चालू आहे.

आमचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं, अगदी नदीला लागून. त्या वर्षी पूर आला आणि आमच्या रानावरून नदीच गेली. कंबरेला आलेली तूर गेली ते एक वेळ समजू शकते, पण तूर ज्यात उभी होती ती काळी मातीच गेली. खाली पिवळा मुरूम उघडा पडला होता, कातडं सोललेल्या जनावरासारखा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ओळखूच आलं नाही की हे आमचं रान आहे. आंब्याचं झाड होतं म्हणून कळलं. तेही आडवं पडलेलं.

अशा खरडलेल्या जमिनीला सरकार मदत देणार होतं. पिकाची वेगळी, जमिनीची वेगळी. ती आली तर दुसरीकडून माती आणून टाकता येणार होती. नाही आली तर मुरमावर बाभळीशिवाय काही येणार नव्हतं. घरात तेवढं एकच बोलणं चालायचं. आई भाकरी थापतानासुद्धा विचारायची, मॅडम कधी येणार, मॅडम कधी येणार. मॅडम म्हणजे तलाठी मॅडम. त्या आज येणार होत्या.

आणि आज्जा फावडं घेऊन आला होता.

आप्पा बांधावरून पळत आला. माझा बाप तसा गरीब माणूस, आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

“बाबा! काय करायलास? किती येळा सांगायचं, पंचनामा होईस्तवर एक ढेकूळ हलवायचं न्हाई! पलीकडच्या गावात एकानं रान सपाट करून घेतलं आधीच. त्याला काय म्हणाले म्हाईत हाय का? म्हणाले, नुकसान कुठं दिसतंय?”

“मी रान करत न्हाई. तेवढी एक जागा झाकतो.”

“कुठलीच झाकायची न्हाई.”

“माझी आई उघडी पडलीय,” आज्जा म्हणाला.



आमच्या लिंगायतांत माणूस गेल्यावर जाळत नाहीत, बसवतात. स्वतःच्याच रानात खड्डा घ्यायचा, मांडी घालून बसवायचं, तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवायचं, विभूती आणि बेल टाकून माती लोटायची. वर चौथरा बांधायचा. आज्जाच्या आईची, मल्लव्वा पणजीची समाधी आमच्या रानाच्या अगदी कडेला होती. पलीकडं लगेच सातलिंग काकाचं रान. पुरानं कड कापत कापत नेली होती आणि समाधीचा चौथरा आता अर्धा हवेत लटकत होता. खालची माती सुरीनं कापल्यासारखी उभी तुटलेली. त्या उभ्या भिंतीकडं आमच्यापैकी कुणी अजून जवळ जाऊन बघितलं नव्हतं. भीतीच वाटायची. काय दिसेल कोण जाणे.

“मॅडम बघून जाऊ दे,” आप्पा हळू बोलला. “मग संध्याकाळी मठातल्या स्वामीला बोलवू, परत नीट बसवू आज्जीला. एका दिवसानं काय बिघडतंय?”

“कोण कोण येणार, आन माझ्या आईची हाडं बघणार? फोटो काढणार?”

“बाबा, तीच तर कड मोजायची हाय त्यास्नी! किती खोल माती गेली ते तिथंच कळतंय.”

माझं डोकं फिरलं. मला तसं फिरायला फार काही लागत नाही. नववीत गणिताच्या सरांशी भांडून मी शाळा सोडली होती आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. मी आप्पाच्या अंगावर गेले.

“तुझी आई असती तर ठेवली असतीस का अशी उघडी? सरकारला दाखवायला?”

“गिरजे, तू मधी बोलू नको.”

“बोलणार! मदत मदत करून माणसं येडी झालीत नुसती. मी ताडपत्री आणते. माती हलवत न्हाई, काय न्हाई. नुसती झाकते. मॅडमला काय सांगायचं ते मी सांगते.”

आज्जानं फावडं सोडलं. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आशीर्वाद देईल. तो म्हणाला, “ताडपत्री आण, पण खाली तू उतरू नको. मी उतरतो.”

“व्हय, उतर. मग दोघांचा पंचनामा करू.”

मी घरी पळत गेले, कडब्यावरची निळी ताडपत्री ओढली आणि परत आले. आप्पा तोवर मॅडमला आणायला रस्त्यावर गेला होता, कारण गाडी चिखलात कुठवर येईल याचा भरोसा नव्हता. आज्जा काठावर बसला होता. मी त्याला न विचारता खाली उतरले.

 पणजीला मी बघितलं नव्हतं, पण त्या चौथऱ्याशी माझं बोलणं असायचं. शाळेत मार खाल्ला की तिथं, आईशी भांडण झालं की तिथं. आता तीच बाई समोर हाडं होऊन दिसणार, म्हणून मी डोळे बारीक करून जवळ गेले.

काहीच नव्हतं.

आधी वाटलं, बरं झालं, अजून आत आहे. मग मी नीट बघितलं. शाळा सोडल्यापासून मी मामाच्या जेसीबीवर बसून हिंडायचे. विहिरी, शेततळी, घरांचे पाये. मामा चालवायला देत नव्हता म्हणून मी खड्ड्याच्या कडा बघत बसायचे. एकदा खणून बुजवलेली जागा लपत नाही. काळी, पांढरी, मुरूम, सगळी खिचडी होऊन बसते. दहा माणसांनी तुडवली, वर पन्नास पावसाळे गेले तरी ती खिचडीच राहते.

चौथऱ्याच्या खाली थर सरळ होते. वर काळी माती, मग चुनखडीची पांढुरकी, मग मुरूम. इकडून तिकडं दोरी धरल्यासारखे. चौथऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही तुटलेले नाहीत.

“आज्जा,” मी खालून हाक मारली, “पणजीला किती खोल बसवलं व्हतं?”

मी बोटांनी मुरूम खरवडून बघितला.

“आज्जा, हितं कुणी कधी खणलंच न्हाई. मुरूम तसाच हाय.”

“गिरिजा.” माझं पूर्ण नाव घरात कुणी घेत नाही. “ताडपत्री टाक. वर ये.”

मी टाकली. वर दगड ठेवले. मनाला म्हटलं, जागा चुकली असेल, पणजी दोन हात मागं असेल, चौथरा बांधताना सरकला असेल. आज्जाचं तोंड मात्र मी बघितलं नाही. का बघितलं नाही, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मॅडम आल्या त्या चिखलानं माखूनच. पायात रबरी बूट, पाठीला सॅक, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातानं कोतवाल मौलालीचा खांदा धरलेला. मौलाली गावचा सगळ्यात जाडा माणूस, त्यामुळं धरायला तो बरा होता.

“सावकाश मॅडम, हितं मी काल मांडीपर्यंत गेलतो,” तो म्हणाला. “मला काढायला ट्रॅक्टर लागला.”

“तुम्ही जिथं बुडाला नाही तिथून न्या ना मग.”

“तसली जागाच न्हाई मॅडम.”

मॅडम हसल्या. चांगली बाई होती. रात्री झोपली नसावी, डोळे लाल होते. कितीतरी गावं तिच्याकडं होती आणि सगळ्या गावांचं एकच म्हणणं होतं, आधी आमच्याकडं या.

त्यांच्या मागून सातलिंग काका आला. पंचनाम्याला पंच लागतात आणि कडेच्या रानवाल्याची सही लागते. आमच्या कडेचा तो. पन्नाशीचा माणूस, उंच, कमी बोलणारा. त्याचंही रान खरडलं होतं, पण अर्धंच. काखेत एक पिशवी होती.

“खातेदार गुरलिंग विरभद्र... तुम्हीच ना आजोबा?” मॅडमनी विचारलं.

आज्जानं मान हलवली.

मौलालीनं टेप सोडली. मॅडम चालत चालत बोलत होत्या, “बाप रे, सगळंच गेलंय की,” आणि फोनवर टिपून घेत होत्या. आप्पा त्यांच्या मागं मागं, हात पुढं बांधून. मग त्या कडेला आल्या.

“ही ताडपत्री काढा. खोली इथंच नीट दिसतीय.”

“न्हाई काढायची,” मी म्हणाले.

“कोण गं तू?”

“नात. ती आमच्या पणजीची समाधी हाय. उघडी पडलीय. तुमी दुसरीकडं मोजा.”

“अगं, मला कड दाखवावी लागते. नुसता सपाट मुरूम दाखवला तर वरचे म्हणतील, पहिल्यापासून असाच असेल.”

“मग म्हणू द्या.”

“गिरजे!” आप्पा दात खाऊन बोलला.

सातलिंग काका पुढं आला. मला वाटलं मलाच दटावणार. त्यानं चपला काढल्या.

“पोरगी बरोबर बोलतीय, मॅडम. तिथं म्हातारीचा देह हाय.” मग आज्जाकडं वळला. “अण्णा, आईनं सकाळीच नवं कापड दिलंय माझ्याकडं. बेल दिलाय. मी हाडं गोळा करून कापडात घेतो. मग मॅडमला काय मोजायचं ते मोजू दे. मल्लव्वाला रिकाम्या हातानं कुणी बघायला नको.”

पिशवीतून त्यानं पांढरंशुभ्र कापड काढलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

“न्हाई,” आज्जा म्हणाला. “तू कशाला? मी करतो.”

“तुमी कसं उतरणार, अण्णा? आन आमचं तेवढं देणं लागतंय तिला.”

मॅडमनी मौलालीकडं बघितलं. मौलाली कुजबुजला, पण त्याचं कुजबुजणंसुद्धा नदीपलीकडं जातं. “पूर्वी ह्यांच्या बापाचा आन अण्णांचा ह्या पट्टीवरनं वाद व्हता, मॅडम. मोजणी यायची व्हती. तेवढ्यात म्हातारी गेली, हितं बसवली. मग कुणी मढ्यावरनं मोजणीची साखळी ओढतंय व्हय?”

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पणजी कर्नाटकात आळंदकडं लेकीच्या, आज्जाच्या थोरल्या बहिणीच्या घरी गेली होती, तिथंच वारली. आज्जा तिला रातोरात जीपमधून घेऊन आला आणि उजाडायच्या आत बसवून मोकळा झाला, कारण देह टिकण्यासारखा नव्हता. गाव जमलं तेव्हा वर माती आलेली होती. सातलिंग काकाच्या बापानं दावा सोडला. पण माणूस रागीट. एका पेरणीला त्यानं मुद्दाम चौथऱ्याला चिकटून नांगर घातला आणि फाळ चौथऱ्याला लागला. त्याच पावसाळ्यात त्यांचा थोरला मुलगा चन्नू तापानं गेला. तेव्हापासून त्या घरातून दर सोमवारी कुणीतरी समाधीला फूल घेऊन यायचं. बहुतेक निलव्वा आज्जीच, सातलिंग काकाची आई. चन्नूची आई. मी लहान असताना मला वाटायचं, ती आमच्याच घरातली आहे.

काका खाली उतरला. कापड मुरमावर अंथरलं, बेल ठेवला, हात जोडले.

“मल्लव्वा, हात लावतो. राग धरू नको.”

आणि ताडपत्री उचलली.

 मग त्यानं चौथऱ्याखाली हात घातला. बोटांनी खरवडलं. जरा डावीकडं खरवडलं, जरा उजवीकडं. मुरूम ताशासारखा टणटण वाजत होता.

“फावडं द्या जरा.”

फावडं माझ्या पायाशी होतं. मी हलले नाही. आप्पानं उचलून दिलं. आप्पाला काहीच माहीत नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

काकानं खणलं. आधी हळू, कुणाला लागेल म्हणून जपून. मग जोरात. चौथऱ्याखाली तो आत आत जात राहिला आणि शेवटी सगळा चौथरा एका बाजूला कलंडून खाली आला, वरचा छोटा नंदी उलटा पडला. मागं मातीची भिंत. तिच्यातही तेच थर, सरळ.

“काय झालं?” मॅडमनी विचारलं.

“जरा थांबा, मॅडम,” मौलाली म्हणाला. या वेळी खरंच हळू.

काका वर बघत होता. चेहरा चिखलानं भरलेला.

“अण्णा. मल्लव्वा कुठाय?”

आज्जा बांधाच्या दगडावर बसला होता. त्यानं फार वेळ लावला नाही. बहुतेक बरीच वर्षं तो हे वाक्य मनात घेऊन हिंडत असावा.

“आळंदला. अक्काच्या रानात.”

“मग हितं?”

“अक्कानं नेऊ दिली न्हाई. म्हणली, आई हितं गेली, हितंच ऱ्हाऊ दे. मी तिथली मूठभर माती आणली व्हती. चौथऱ्यात घातली. तिचीच माती हाय ती.”

“मूठभर माती,” काका म्हणाला. “आन मोजणी आठ दिवसांवर आलती.”



“बाबा,” आप्पा म्हणाला. “बाबा, हे खरं हाय?”

“चोर हाय म्हातारा!” काका ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला ओरडताना ऐकलं. “आमचा बाप मरताना ह्या चौथऱ्याकडं हात जोडून मेला! ह्या दगडाला! मी सही करत न्हाई, मॅडम. ह्यांचा पंचनामाच करू नका. मेल्याली माणसं खोटी बसवणारी ही जात—”

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण मी उडी मारून खाली गेले होते आणि काकाची कॉलर माझ्या हातात होती. मला माहीत होतं तो खरं बोलतोय. थर मीच आधी बघितले होते. तरी हात गेला.

“तोंड सांभाळा, काका! आज्जाला चोर म्हणायचं काम न्हाई!”

“सोड गिरजे, सोड!” आप्पा मला मागून ओढत होता. मौलाली “अरे अरे अरे” करत होता. आणि काकानं मला ढकललं नाही.  तो माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत होता.

बांधावरून निलव्वा आज्जी येत होती. पदर डोक्यावर, हातात तांब्या. अनवाणी.

काकानं माझे हात सोडवले आणि पडलेली ताडपत्री घाईघाईनं ओढायला लागला.

“आई, तू कशाला आलीस? घरला जा. मी आणतो सगळं.”

“गरम पाणी आणलंय,” ती म्हणाली. “हाडं धुवायला नको का? गावली का?”

काका ताडपत्री ओढतच होता.

“गावली का मल्लव्वा?”

“घरला जा म्हणतो ना, आई!”

ती मौलालीचा हात धरून उतरली. तिला कुणी अडवलं नाही. म्हातारीला कसं अडवणार? तिनं पांढरं कापड बघितलं, रिकामं. कलंडलेला चौथरा बघितला. काकाच्या हातातली ताडपत्री तिनं नुसतं बोट लावून बाजूला केली आणि त्या भिंतीवर तळवा ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. इकडून तिकडं फिरवला.

“हे तर कोरं हाय,” ती म्हणाली.

काकानं मान खाली घातली. ती वळली. आज्जा तिच्यापेक्षा उंचावर, बांधावर बसलेला. तिला मान वर करून बघावं लागत होतं.

“अण्णा, हितं कुणी न्हाई?”

“न्हाई, निलव्वा.”

“कधीच नव्हतं?”

“नव्हतं.”

मला वाटलं, आता ती शिव्या देईल. छाती पिटेल. मी तयार होते, काय माहीत कशाला. पण ती खाली, मुरमावरच बसली. तांब्या नीट शेजारी ठेवला, सांडू नये म्हणून.

“चन्नू तापला तवा ह्याच्या बापानं गाडी जुपली व्हती,” ती म्हणाली. कुणाला सांगत होती कळत नव्हतं. “अक्कलकोटच्या दवाखान्याला न्ह्यायला. बैलं दारात उभी व्हती. मीच म्हणलं, न्हाई. आधी मल्लव्वाच्या पायावर घालू. नांगर लागलाय तिला. ती सोडंल तर वाचंल. ह्याचा बाप भांडला माझ्याशी. मी ऐकलं न्हाई. पोराला उचललं आन हितं आणलं. ह्या चौथऱ्यावर झोपवलं.”

हे मला माहीत नव्हतं. काकालाही माहीत नसावं. तो तेव्हा रांगत असेल. तो आपल्या आईकडं असा बघत होता, जणू तिला पहिल्यांदा बघतोय.

“दिवसभर ठेवलं. ऊन व्हतं. अण्णा, तुमी तुरीत भांगलत व्हता.”

आज्जानं डोळे मिटले.

“तुमी आला. घागर घेऊन आला. म्हणला, निलव्वा, पोराच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेव. तुमीच तुमच्या पटक्याचं टोक फाडून दिलं. आठवतंय का?”

आज्जानं मान हलवली.

“तवा तुमाला म्हाईत व्हतं.”

नदीचा आवाज येत होता. अजून गढूळ होती.

“पाणी आणून दिलं, पटका फाडून दिला,” ती म्हणाली. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. खरंच काहीतरी कळून घ्यायचं असावं तशी विचारत होती. “मग तेवढं का न्हाई म्हणला? निलव्वा, हितं कुणी न्हाई, पोराला दवाखान्यात ने. बैलं अजून जुपलेली व्हती, अण्णा.”

आज्जाचं तोंड उघडलं. ओठ हलले. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, बोल, काहीतरी बोल, काहीही बोल, मी मानेन. ज्या माणसानं मला सायकल शिकवली, जो मला ताप आला की रात्रभर उशाशी बसायचा, तो माणूस तोंड उघडं ठेवून बसला होता आणि त्यातून हवासुद्धा येत नव्हती.

मॅडमनी फोन खाली केला होता. त्या म्हणाल्या, “मी... पुढचं रान करून येते. हे नंतर बघू.”

“नंतर काय न्हाई,” काका म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “मी सही करणार न्हाई. कधीच न्हाई. मरू दे ह्यांचं रान.”

 आप्पानं हातसुद्धा जोडले नाहीत. तो नुसता उभा होता, आणि मी बघितलं की तो त्या उघड्या मुरमाकडं बघतोय, सगळ्या रानभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू ते आत्ताच वाहून गेलंय.

निलव्वा आज्जी उठली. उठताना तिनं भिंतीचा आधार घेतला.

“सातलिंग, सही कर.”

“आई!”

“कर म्हणते ना. रान गेलंय त्यांचं. दिसतंय की डोळ्याला. ते काय खोटं न्हाई.”

“आन आपली पट्टी?”

“पट्टीचं मोजणीवाले बगतील,” ती म्हणाली. “आता साखळी ओढायला काय अडचण न्हाई.”

तिनं तांब्या उचलला. पाणी अजून गरम होतं, वाफ दिसत होती. ते तिनं स्वतःच्या पायांवर ओतलं, चिखल धुतला, एक पाय, मग दुसरा. मग बांधावर चढली आणि गेली. आज्जाच्या अगदी जवळून गेली, तिचा पदर त्याच्या गुडघ्याला लागला. थांबली नाही.

काकानं सही केली. पेन कागदातून पार गेलं. पांढरं कापड त्यानं तिथंच सोडलं, चपला हातात घेतल्या आणि तसाच आईच्या मागं गेला.

मौलालीनं टेप धरली. आप्पानं दुसरं टोक धरलं. कड मोजली. मॅडम आकडे बोलत होत्या आणि मौलाली उगाच प्रत्येक आकडा परत म्हणत होता, शांतता नको म्हणून.

“आता एक फोटो राहिला,” मॅडम शेवटी म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, ते आवाजात कळत होतं. “खातेदार रानात उभा पाहिजे. नुकसान दिसेल असा. आजोबांना इथं... या कडेला आणा.”

आप्पा जागचा हलला नाही. मग मीच गेले. आज्जाच्या दंडाला धरून त्याला उठवलं, खाली आणलं.  त्याचं वजनच नव्हतं. मी त्याला कलंडलेल्या चौथऱ्याच्या शेजारी उभं केलं आणि बाजूला झाले.

“आजोबा, इकडं बघा.”

तो खाली बघत होता.

“आजोबा, मान वर करा जरा. तोंड दिसलं पाहिजे. नाहीतर वरून परत येतंय सगळं.”

आज्जानं तोंड वर केलं.

मी नदीकडं बघत उभी राहिले, मॅडम “झालं” म्हणेपर्यंत.